पातळ खळ

"एस्तेर, ही चेटकीण देवाच्या घरात कशी शिरली गं?"

उपासना नुकतीच सुटली होती. बाहेर अंगणात एकमेकांना सलाम करणं चाललं होतं आणि मी चर्चच्या मागच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावत होते. दारात शमुवेल बापू उभे. हातात एक पुस्तक आणि पुस्तकात बोट अडकवलेलं. बापूंनी पुस्तकात असं बोट अडकवलं की समजायचं, आज कोणाची तरी धडगत नाही.

"कुठली चेटकीण, बापू?"

"ही, निळ्या टेकडीवरची. उघडलं की समोर हीच. हातात काठी, तोंडात मंत्र. जोशवाचा पोरगा उपासनेत मांडीवर ठेवून वाचत होता. मला वाटलं, गीतपुस्तक असंल."

मी मान खाली घालून हसू लपवलं. जोशवाचा पोरगा उपासनेत जागा होता, हेच मला विशेष वाटलं होतं. पण ते बापूंना सांगण्याची ती वेळ नव्हती.

नगर जिल्ह्यात टाकळ्या पुष्कळ. आमची टाकळी साखर कारखान्याची. मी कारखान्याच्या शाळेत नवीनच शिक्षिका लागले होते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घ्यायची. शमुवेल ओहोळ आमच्या मंडळीचे सगळ्यात जुने पंच. उभी हयात कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजण्यात गेलेली. गाडीवानाने काहीतरी सांगावं आणि बापूंनी मान डोलवावी, असं कधी झालं नाही. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, पण मोजण्याची सवय सुटली नाही. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला तरी त्यांना कळायचं आणि आखडला तरी कळायचं.

आणि ते कपाट म्हणजे माझा जीव होता. मिशन दवाखान्यातून बाद झालेलं औषधांचं कपाट मी मागून आणलं, त्याला हिरवा रंग दिला आणि पुण्या-नगरच्या रद्दीवाल्यांकडून गोष्टींची पुस्तकं जमवून भरलं. बुधवारी दुपारी ते उघडायचं. आमच्या ख्रिस्ती आळीतली पोरं यायची, तशी कारखान्याच्या कॉलनीतली यायची, बाजारपेठेतल्या तांबोळ्यांची यायची. अख्ख्या टाकळीत मुलांना गोष्टीचं पुस्तक हातात मिळेल अशी दुसरी जागा नव्हती.

"उद्या पंचांची बैठक हाय," बापू म्हणाले. "मी कपाट बंद करा म्हणणार. तुला मागनं कळण्यापेक्षा आधीच सांगतो."

"बापू, एका पुस्तकासाठी?"

"आज एक. उद्या कोण बघणार किती हायेत ते?"

"पण ही गोष्ट आहे हो. मुलांना कळतं."

"काय कळतं?"

"की हे सगळं खोटं असतं म्हणून."

बापू बाकावर बसले. पुस्तक मांडीवर ठेवलं, बोट मात्र काढलं नाही.

"माझी थोरली बहीण होती, अनुसया. आम्ही तेव्हा ख्रिस्ती मंडळीत आलो नव्हतो. तिला ताप भरला तर बापाने मांत्रिक आणला. त्याच्या हातात पण काठी होती. मंत्र म्हणायचा आन् मारायचा, मंत्र म्हणायचा आन् मारायचा. मी दाराआड उभा. सकाळी अनुसया गेली." बापूंनी माझ्याकडे पाहिलं. "तो मंत्र मला आजबी पाठ हाय, एस्तेर. तू म्हणतीस खोटं असतं. खोटं असतं तर माझी बहीण असती."

जादूच्या गोष्टींविरुद्ध बोलणारी माणसं मी त्याआधी ऐकली होती. मोशेच्या नियमशास्त्रात चेटकिणीला थारा नाही, हे मीही लहानपणी पाठ केलं होतं. पण दाराआड उभा राहिलेला मुलगा मला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटला. कपाट तर मला हवंच होतं. आणि बापूंचं चुकतंय, असंही म्हणवत नव्हतं.

आमचे पाळकसाहेब स्वभावाने इतके मवाळ की त्यांना दोन्ही बाजू पटायच्या आणि दोन्ही पटल्यामुळे रात्री झोप लागायची नाही. बैठकीत ते म्हणाले, "कपाट बंद कशाला, बापू? पुस्तकाचा मजकूर थोडा सुधारून घेता आला तर पाहा."

ते सहज बोलून गेले. पण बापूंना सहज बोललेलं काही ऐकूच यायचं नाही. बुधवारी दुपारी ते पट्टी, पातं आणि पांढरे कोरे कागद घेऊन हजर.

"बस," म्हणाले. "आपण हिला सुधारू."

बापूंनी ते पुस्तक आदल्या दोन दिवसांत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात वाचलेलं ते पहिलं गोष्टीचं पुस्तक. पुस्तक तसं साधंच होतं. निळ्या टेकडीवर एक तिरसट चेटकीण राहते. ती काठी आपटून मंत्र म्हणते आणि अडल्यानडल्यांची कामं करते. कांद्याचा पोपट करते, आटलेल्या विहिरीत ढग उतरवते, लंगड्या घोड्याला पळवते.

"आता मला सांग," बापूंनी चष्मा लावला. "ही बाई कामं चांगली करती का वाईट?"

"चांगली."

"चांगलं कशानं होतं? जादूनं का प्रार्थनेनं?"

"प्रार्थनेनं," मी म्हणाले. पंचांसमोर दुसरं काय म्हणणार?

"मग जिथं जादू, तिथं प्रार्थना. आता, घरोघर जाऊन अडल्यानडल्यांना मदत करणारी म्हातारी बाई म्हणजे कोण?"

बापूंनीच उत्तर दिलं. "बायबलबाई!"

आमच्याकडे घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, आजारपणात उशाशी बसणाऱ्या बाईला बायबलबाई म्हणतात. आमच्या चर्चच्या आवारातच मार्थाबाई नावाच्या निवृत्त बायबलबाई राहायच्या. गुडघे गेलेले, हातात काठी. त्या चेटकिणीच्या जागी मार्थाबाई डोळ्यासमोर आल्या आणि मला इतकं हसू आलं की मी खोकल्याचं सोंग केलं.

"आन् मंत्राच्या जागी आमेन," बापू म्हणाले. "झालं. गोष्ट तीच, पण शुद्ध."

बापूंनी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, म्हणून खळ मी घरून करून आणली होती. गोंद बापूंना चालणार नव्हता. मंडळीचं पुस्तक, पानं खराब व्हायला नकोत. कणकेची खळ मी जरा पातळच केली होती.

"पातळ झाली गं ही."

"वाळल्यावर धरते, बापू."

त्यांनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि पहिला कागद पुढे ओढला. पोरांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. दुपारभर ते कागदाच्या पट्ट्यांवर लिहीत होते आणि मी त्या चिकटवत होते. काट्याच्या पावत्या लिहून लिहून बापूंचं अक्षर असं झालं होतं की छापलेल्या ओळीत ते वेगळं म्हणून ओळखू येईना. प्रार्थना, प्रार्थना, बायबलबाई, आमेन. कपाट वाचलं होतं. मला दुसरं काही नको होतं.

पुढच्या बुधवारी मी ते सुधारलेलं पुस्तक मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. एका दिवशी एक प्रकरण, असं ठरवलं. पहिल्या रांगेत पाय लांब करून बसली होती सलोमी, बापूंची नात. आठेक वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. वर्षाची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला. तेव्हा भावकीने देवऋषीकडे न्या म्हणून घायकुतीला आणलं होतं, पण बापूंनी कोणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तडक मिशन दवाखाना गाठला. पोर वाचली, पाय राहिला. त्या पायात ती लोखंडी कॅलिपर घालायची. तिच्या येण्याचा आवाज दुरून ऐकू यायचा आणि त्याच्याही आधी तिचं बोलणं.

मी वाचलं, "बायबलबाईने काठी तीनदा आपटली, डोळे मिटून प्रार्थना केली, आमेन म्हणाली, आणि बघता बघता कांद्याचा पोपट झाला."

जादूची गोष्ट ऐकताना पोरं कशी खिदळतात, ते मला चांगलं माहीत होतं. या वेळी कोणी खिदळलं नाही. सगळ्यांचे चेहरे गंभीर.

"खराखुरा पोपट?" सलोमीने विचारलं.

"पुस्तकात तसं लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पाहते तर मार्थाबाईंच्या ओट्यावर कांद्यांची रांग. समोर आमच्या आळीतली पोरं हात जोडून उभी.

"मार्थाबाई, आमेन म्हणा ना!"

"अरं, म्या आमेन म्हणलं तर तुमच्या कांद्याची भाजी व्हईल. पोपट कुठनं आणू?"

"काठी आपटली नाहीत तुम्ही!"

"आपटते की, पर ती तुमच्या पाठीत!" मार्थाबाई बोळक्या तोंडाने हसत होत्या. त्यांनी कांदे मात्र परत दिले नाहीत. आठवडाभर त्यांच्या घरातून पिठल्याचा वास येत होता.

मी ही गंमत बापूंना सांगितली. मला वाटलं, ते चिडतील. पण ते खूश झाले. "पोरं आमेन म्हणायला लागली, वाईट काय झालं? आधी काय म्हणत होती? शिव्याच ना?"

त्यानंतरच्या बुधवारी घोड्याचं प्रकरण आलं. लंगडा घोडा टेकडी चढून येतो, बायबलबाई त्याच्या पायावर काठी टेकवते, प्रार्थना करते, आणि घोडा चौखूर उधळतो. मी वाचत गेले आणि सलोमीचं बोलणं हळूहळू बंद होत गेलं. प्रकरण संपलं, मुलं पांगली, तरी ती बसून राहिली.

"बाई, लगेच पळाला तो?"

"लगेच."

"काठी तीनदा आणि आमेन एकदाच?"

"हो."

"डोळे मिटून?"

"हो गं. चल, बापू वाट बघत असतील."

ती उठली. कॅलिपरचा आवाज अंगणात जाईपर्यंत मी पुस्तकं लावत होते. आज ती वाटेत कोणाशी बोलत नाहीये, एवढं मात्र माझ्या कानांनी टिपलं.

पुढच्या बुधवारी मी कपाट उघडायला जरा लवकर गेले. चर्चचं दार उघडं होतं. आत काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला.

व्यासपीठाच्या पायऱ्यांखाली सलोमी पडली होती. बाजूला मार्थाबाईंची काठी. तिचा उजवा हात अंगाखाली वेडावाकडा आलेला. ती रडत नव्हती.

"बाई, मला धरा."

मी तिला उचललं. मनगट सुजायला लागलं होतं. "इथे काय करत होतीस तू? आणि कॅलिपर कुठाय?"

तिने ओठ घट्ट मिटले. मी इकडेतिकडे पाहिलं. कॅलिपर दाराजवळ दानपेटीच्या शेजारी ठेवलेला होता. पट्टे नीट गुंडाळलेले, बुटाची नाडी बांधलेली, बुटात मोजाही घडी करून ठेवलेला. दुसऱ्या कोणा मुलाला लागला तर न्यावा, अशा बेताने.

मी तो उचलून काखेत मारला आणि सलोमीला कडेवर घेऊन दवाखान्याकडे पळत सुटले. बापूंची सून, सलोमीची आई सुशीला, कारखान्याच्या दवाखान्यातच नर्स होती. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालताना सलोमीने एकदाच विचारलं, "आई, हा हात तरी नीट होईल ना?" सुशीला म्हणाली, "हात होईल, राणी." मग ती गप्प झाली, ती गप्पच राहिली.

रविवारी उपासना सुटल्यावर बापू माझ्यापाशी आले. हातात पुस्तक नव्हतं, बोट कुठेच अडकवलेलं नव्हतं. इतका रिकामा हात मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"पोरगी प्रार्थना करत नाही, एस्तेर."

"म्हणजे?"

"आमच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना तीच करती. बोबडं बोलायची तेव्हापासनं. ह्या घासाला, त्या घासाला, भाकरी करपली तर करपलेल्या भाकरीलाबी आभार मानायची. आता तोंड मिटून बसती. सुशीलानं समजावलं. मी रागावलो. न्हाई म्हणजे न्हाई." बापूंचा आवाज फाटला. "हात मोडला तर जोडता येतो गं. हे कसं जोडायचं? तुझं ऐकती ती. ये तू."

"येते, बापू. पण पुस्तक घेऊन येते."

"पुस्तक कशाला?"

"तिचा कॅलिपर दानपेटीशेजारी ठेवलेला होता, बापू. मोजा घडी करून."

बापू माझ्याकडे पाहत राहिले. काट्यावर गाडी चढल्यावर ते जसे थांबून आकड्याकडे पाहत, तसे. मग वळून चालू लागले आणि मी पुस्तक घेऊन त्यांच्यामागून निघाले.

सलोमी खाटेवर बसली होती. प्लास्टरचा हात गळ्यात. मला पाहून हसली, पण माझ्या हातातलं पुस्तक दिसल्यावर तोंड फिरवलं.

"गोष्ट अर्धी राहिलीये गं, सलू."

"मला नको ती."

"का बरं? तुला तर घोडा आवडला होता."

"आता नाही आवडत."

मी खाटेच्या कडेला बसले. बापू दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. सलोमी प्लास्टरवर नख फिरवत राहिली.

"मी पण तस्संच केलं होतं," ती शेवटी म्हणाली. "काठीसुद्धा मार्थाबाईंचीच घेतली. त्या झोपल्या होत्या, मी विचारून नाही घेतली. पण परत ठेवणार होते. तीनदा टेकवली. डोळे मिटले. प्रार्थना केली. आमेन म्हणाले. मग काही झालं नाही म्हणून परत केलं. मग मला वाटलं, घोडा चालून बघत नव्हता, एकदम पळाला होता. म्हणून मी पायरीवरून उडी मारली."

सुशीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने पदर तोंडाला लावला.

सलोमीने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. "बापू, देवाला घोडे जास्त आवडतात का?"

बापूंनी दाराची चौकट धरली.

"का माझंच काही चुकलं?" ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी खोटं बोलले होते. सांडलं होतं दूध, मी मांजरावर घातलं. त्याच्यामुळे असेल का?"

मला वाटलं होतं, आता मी बोलेन, समजावेन. शाळेत शिकवते, दोन शब्द सुचतील. पण बोलले ते बापू.

"सुशीला, वाटीत पाणी आण. आन् एक फडकं."

ते खाटेवर बसले, पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि घोड्याचं पान काढलं. फडक्याचं टोक पाण्यात बुडवून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पट्टीवर हलकेच फिरवलं. पट्टी लगेच सरकली. बापूंनी ती बोटाने उचलली आणि पान नातीपुढे धरलं.

"वाच."

सलोमीने वाकून पाहिलं. "जादू."

"आता ही." दुसरी पट्टी निघाली.

"चेट... चेटकीण?" तिचे डोळे मोठे झाले. "बायबलबाई नव्हती?"

"न्हाई. आता हे वाच." बापूंनी 'आमेन'वर फडकं फिरवलं. ती पट्टी लांब होती, सावकाश सुटली.

सलोमीने एकेक अक्षर जुळवलं. "अटकू... मटकू... शेपूट... लटकू." ती थांबली. परत वाचलं, भरभर. "अटकू मटकू शेपूट लटकू!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती फिस्सकन हसली. "हे काय? हे कोणी म्हणतं का?"

"चेटकीण म्हणती."

"मग ती प्रार्थना नव्हतीच?"

"नव्हती, बाळा. जादू होती."

"जादू म्हणजे खोटी ना?"

बापूंचं फडकं वाटीवरच थांबलं. मला कळलं, ते कुठल्या दाराआड उभे आहेत.

"खोटी," ते म्हणाले. "साफ खोटी. लिहिणाऱ्यानं मनानं रचलेली. घोडाबी खोटा, टेकडीबी खोटी."

"आणि कांद्याचा पोपट?"

"तोबी खोटा."

सलोमीने मोठा श्वास सोडला. एवढ्याशा छातीत तो इतके दिवस कसा मावला होता, देव जाणे.

"मग माझं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"न्हाई. चुकलं ते माझं. ह्या पट्ट्या मी लावल्या." बापूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "देवाला घोडे आवडत असतील. मला काय ठावं? पण तुझ्यापेक्षा जास्त न्हाईत, एवढं मी मोजून सांगतो."

सुशीला आत गेली. तिने स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

मग बापूंनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. सलोमी डाव्या हाताने वाटी धरायची, बापू फडकं फिरवायचे, मी निघालेल्या पट्ट्या गोळा करायची. दर पट्टीखालून काय निघतंय, ते सलोमी ओरडून सांगत होती. चेटकीण! जादू! परत चेटकीण! मधेच मंत्र आला की ती आणि बापू दोघं मिळून म्हणायचे. पहिल्यांदा बापूंचा आवाज निघेना. दुसऱ्यांदा निघाला. नंतर तर ते शेपूट लटकू म्हणताना मान हलवायला लागले. सलोमी हसता हसता खाटेवर आडवी झाली.

"त्या मांत्रिकाचा मंत्र ऐकून कोणी असं हसलं असतं तर..." बापू माझ्याकडे न बघता म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडलं. मी मान हलवली.

शेवटची पट्टी निघाली. बापूंनी पान उन्हाच्या तिरिपेत धरून निरखलं. छपाई जशीच्या तशी होती.

"खळ पातळ केली व्हतीस तू."

"हो, बापू."

"मला तेव्हाच कळलं व्हतं." त्यांनी पानाची ओली कड बोटाने सपाट केली. "बरं केलंस."

कपाटाचं काय होणार, हे विचारायचीही गरज वाटली नाही. पंच स्वतःच पुस्तकाचा कोपरा फडक्याच्या कोरड्या टोकाने टिपत बसले होते.

सुशीलाने चहा आणला, खारी आणली. सवयीने सगळ्यांचे हात थांबले. प्रार्थना करणारी सलोमी, आणि ती तर चार दिवस गप्प. बापूंनी घसा साफ केला, आपणच करावी म्हणून. सलोमी बोलायला लागल्यापासून त्या घरात त्यांची पाळी कधी आलीच नव्हती.

"थांबा, बापू," सलोमी म्हणाली.

तिने डावा हात प्लास्टरवर ठेवला आणि डोळे घट्ट मिटले.

"देवा, चहासाठी आभार. खारीसाठी पण. एस्तेरबाई आल्या त्यासाठी आभार. मार्थाबाईंची काठी मोडली नाही त्यासाठी आभार. दुधाचं मी आईला सांगेन. मी तुझ्यावर रागावले होते, आता नाही." ती थांबली. आम्हाला वाटलं, झालं. मी एक डोळा किलकिला केला. तिचे डोळे मिटलेलेच होते, भुवया मात्र आकसलेल्या. तिला काहीतरी अगदी स्पष्ट करून ठेवायचं होतं.

"आणि देवा, ही खरीवाली आहे हं. आमेन."

"आमेन," बापू म्हणाले आणि खारी चहात बुडवायची सोडून नातीकडे पाहत राहिले.